कोरिया सरांचा फॉर्म

रविवार, अठरा जानेवारी. गच्चीवर तुरी वाळत घातल्या आहेत आणि चिमण्या हाकायला कोणीतरी बसायला हवं, म्हणून मीच कागद घेऊन बसले. सरांवरचा लेख उद्या द्यायचा आहे. कॉलेज त्यांच्यावर स्मरणिका काढतंय. प्राचार्यांचा परवा फोन आला होता. "मॅडम, तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी, मग सहकारी. दोन पानं लिहा. सिमेंट योजनेवर जरूर लिहा. फक्त तो नाल्याचा विषय नको." मी "बरं" म्हटलं. आता लिहायला बसल्यावर लक्षात येतंय की नाल्याचा विषय सोडला तर माझ्याकडे दीड पानाचे किस्से उरतात. ते आधी लिहून टाकते.

सर आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. त्यांना सगळा तालुका 'कोरिया सर' म्हणायचा. ते कोरियाला कधी गेले नव्हते. नागपूरच्या पलीकडे गेले असतील तर मला माहीत नाही. पण वर्गातल्या जगाच्या नकाशावर कोरिया जिथे असायला हवा तिथे भोक होतं, इतक्या वेळा त्यांनी तिथे छडी टेकवली होती. विषय दारिद्र्याचा असो, बँकांचा असो, लोकसंख्येचा असो, विसाव्या मिनिटाला छडी नकाशावर जायची. "हे लोक आपल्यापेक्षा गरीब होते. आपल्यापेक्षा! आणि मग काय झालं?"

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, "मोबाइल झाले, सर."

"मोबाइल नंतर झाले बे! आधी सिमेंट झालं."

मग सिमेंटची गोष्ट यायची. तिथल्या सरकारने प्रत्येक गावाला सारखी सिमेंटची पोती दिली. अमुकच करा असं सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की गावाच्या सामाईक कामाला वापरा. वर्षाने पाहणी केली. ज्या गावांनी चांगलं काम केलं त्यांना पुढच्या वर्षी जास्त पोती. ज्यांनी केलं नाही त्यांना काही नाही. एवढं सांगून सर खिशातला खडू काढायचे आणि फळ्यावर मोठं शून्य काढायचे. ते शून्य काढताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा तो मी इतर कशाने आलेला पाहिला नाही.

एकदा मी विचारलं, "ज्यांना शून्य मिळालं त्या गावांचं काय झालं?"

"ती जागी झाली."

"सगळी?"

"पुस्तकात तसंच आहे," सर म्हणाले आणि तास संपवला.

ते अर्धा मार्क कधी देत नसत. "अर्धा मार्क म्हणजे दया, आणि दया मोजता येत नाही." उत्तरात कोणी 'इत्यादी' लिहिलं तर ते वाक्य पूर्ण खोडायचे. पावसाळ्यात एकदा वडनेरला एसटी बंद पडली, मी तासाला पोचले नाही, त्यांनी गैरहजेरी लावली. मी भांडायला गेले. ते शांतपणे म्हणाले, "बस बंद पडली हे खरं. तू आली नाहीस हेही खरं. रजिस्टरात दुसरं खरं लिहितात. कारणं सगळ्यांकडे असतात." मी तेव्हा रागावले होते, पण ते वाक्य मला पटलं होतं. अजून वर्गात माझ्या तोंडून ते निघतं आणि जीभ चावावी लागते.

कोणाच्याही घरी गेले की सर बैठकीत बसत नसत. सरळ मागच्या दारी जाऊन मोरी, संडास, सांडपाणी पाहून यायचे आणि मग चहा घ्यायचे. माझ्या लग्नाआधी मुलाकडची माणसं पाहायला ते वडिलांबरोबर गेले होते. परत आल्यावर वडिलांनी विचारलं, "कसे वाटले लोक?" सर म्हणाले, "उतार बरोबर दिलाय. पाणी साचत नाही." त्यावर लग्न ठरलं असं मी म्हणणार नाही, पण घरात पाणी खरंच साचत नाही.

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पंचायत समितीला उभे राहिले. लोकांना आधी गंमत वाटली. प्रचाराला ते सायकलवर जायचे आणि सभेत प्रश्न विचारायचे, "तुमच्या गावात सगळ्यांचं मिळून काय आहे?" लोक म्हणायचे, देऊळ आहे, स्मशान आहे. "म्हणजे मेल्यावर आणि मरायची भीती वाटल्यावर. मधल्या काळाचं काय?" अशी भाषा आमच्याकडे कोणी करत नव्हतं. शिवाय घरटी एक तरी त्यांचा विद्यार्थी होता. ते निवडून आले. दोन गटांची सारखी माणसं आली होती आणि सरांच्या मताशिवाय कोणाचंच जमत नव्हतं. त्यांना कोणी विचारलं नाही, थेट सभापती केलं.

सभापतीच्या दालनात त्यांनी पहिल्या आठवड्यात फळा लावून घेतला. हार घेऊन येणाऱ्यांना सांगितलं, पुढच्या खेपेला खराटा आणा. लोक खरंच खराटे आणू लागले, दालनाच्या कोपऱ्यात त्यांचा ढीग झाला. आणि दुसऱ्या महिन्यात त्यांनी ती सिमेंटची योजना मांडली, जशी वर्गात सांगायचे अगदी तशी. अधिकारी म्हणाले, साहेब, असं खर्चाचं हेडच नाही. सरांनी तीन महिने भांडून हेड तयार केलं. तालुक्यातल्या प्रत्येक गावाला चाळीस पोती, सारखी.

पाहणीचं काम सरांनी माझ्याकडे दिलं. मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होते, सुट्टीत रिकामी होते आणि सरांचा दुसऱ्या कोणावर विश्वास नव्हता. फॉर्म त्यांनी स्वतः केला होता. एकच पान. गावाचं नाव आणि खाली तीन रकाने: सामाईक कामाला वापरले, पडून आहे, खाजगी वापर. एकावर खूण करायची. "कारण लिहायचं नाही," त्यांनी बजावलं. "एकाचं लिहिलंस की सगळ्यांचं लिहावं लागेल आणि मग ती पाहणी राहत नाही, कीर्तन होतं."

रशीदभाईंच्या जीपमधून मी गावं फिरले. रशीदभाईंचा जीप भाड्याने देण्याचा धंदा होता आणि तोंड सतत चालू. पहिल्या गावात सिमेंटची कमान उभी होती, वर गावाचं नाव, खाली सौजन्य म्हणून सरपंचाचं. दुसऱ्या गावात कमान. तिसऱ्यातही कमान, शिवाय वर दोन हत्ती. पाचव्या गावाच्या वेशीवर रशीदभाईंनी गाडी थांबवली. "मॅडम, इतक्या कमानी झाल्या, आता यायच्यातून घुसणार कोण? गावात रस्ता तं हायच नाई."

मी प्रत्येक ठिकाणी 'सामाईक कामाला वापरले' वर खूण केली. कमान सामाईकच असते. फॉर्मात तेवढंच विचारलं होतं.

मग ते गाव आलं. नाव लिहीत नाही. नाल्याच्या पलीकडे साठ-सत्तर घरं, अलीकडे हमरस्ता, बाजार, दवाखाना, शाळा. नाल्यावर पूल नव्हता, पाण्यालगतचा ठेंगणा सिमेंटचा रपटाही नव्हता. बायकांचा एक बचत गट होता आणि तो चालवणारी एक काकू होती, अंगणवाडीत मदतनीस. उंच, काळीसावळी, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. ग्रामसभेत बायकांनी हट्ट करून सिमेंट स्वतःच्या ताब्यात घेतलं होतं.

"पोती कुठे आहेत, काकू?"

"घराघरात."

"म्हणजे?"

"उसनी देल्ली, बाई." तिने बोटांवर आठ घरं मोजून दाखवली. कोणाचं न्हाणीघर, कोणाची ओसरी, कोणाची भिंत. "चाळीस पोत्यात रपटा होत नाई. गवंडी म्हणे, अर्धा कराल तं पयल्या पुरात जाईन. पुढच्या वर्षीची चाळीस आली की ऐंशी होतात. पण सिमेंट वर्षभर ठेवलं तं दगड होते का नाई? मंग आमी सांगतलं, ज्याले लागते त्यानं न्या, पोत्याले पोतं वापस करा, पण ताजं. पुढची गाडी आली की आठही घरं आणून टाकतीन. मंग रपटा."

"लिहून ठेवलंय कुठे?"

"लिवाचं कायले? पीठ उसनं देतो ते काय लिवून देतो?"

मी ती आठ घरं पाहिली. सिमेंट तिथेच होतं, न्हाणीघरात आणि ओसरीत. काकूने चहा दिला. मी जीपच्या बॉनेटवर फॉर्म ठेवला, 'खाजगी वापर' वर खूण केली आणि सही केली. रशीदभाई म्हणाले, "मॅडम, ये औरत का दिमाग पंचायत समिती में होना चाहिए." मी म्हटलं, "चला, उशीर होतोय."

मार्चमध्ये यादी लागली. कमानींच्या गावांना ऐंशी पोती. काकूच्या गावाला शून्य, आणि 'खाजगी वापर' असल्यामुळे पुढची तीन वर्षंही शून्य.

काकू तीन बायकांना घेऊन पंचायत समितीत आली. मी तिथेच होते. सरांनी त्यांना खुर्च्या दिल्या आणि सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता ते उठले, खडू काढला आणि फळ्यावर मांडू लागले. आठ घरं, बाण, चाळीस, परत चाळीस. त्यांचे कान लाल झाले होते. "वा! म्हणजे तुम्ही सिमेंट शिळं होऊ दिलं नाही! काकू, हे कोरियात कोणाला सुचलं नाही. कोणाला नाही!" शिपायाला बोलावून त्यांनी फळा पुसू नको असं सांगितलं.

काकू हसली. "मंग देता ना, साहेब?"

"नाही."

सरांनी खडू खिशात ठेवला.

"तुमचं काम उत्तम आहे," सर म्हणाले, "पण यादी लागली. तुमच्यासाठी बदलली तर उद्या इथे प्रत्येक सरपंच कारण घेऊन उभा राहील आणि त्यातली निम्मी कारणं खोटी असतील. मला खरं-खोटं करता येत नाही. फॉर्मवर जे आहे ते आहे."

"साहेब, तुमाले समजलं का नाई, आमी काय केलं ते?"

"पूर्ण समजलं."

"नसतं समजलं तं बरं झालं असतं," काकू म्हणाली. "पुन्हा समजावून तं सांगता आलं असतं." ती उठली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, ओळखीचं माणूस कुठे पाहिलं ते आठवावं तसं. त्या आठवड्यात सरांनी कॉलेजात पाहुणे म्हणून व्याख्यान दिलं आणि काकूच्या उसनवारीवर पाऊण तास बोलले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पोळ्याच्या आधीच्या मंगळवारी काकू बाजाराला आली होती. परत जाताना नाल्याला पाणी गुडघ्याएवढं होतं असं बरोबरच्या बायका म्हणाल्या. त्या पुढे गेल्या. काकू मागे राहिली, कारण तिच्या डोक्यावर अंगणवाडीच्या सामानाची पिशवी होती. वरून एकदम पाणी आलं. ती तिसऱ्या दिवशी दोन कोसांवर बाभळीच्या मुळांत सापडली.

सर तेरवीला गेले. त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं, जाऊ नका. त्यांनी मला बरोबर घेतलं. रशीदभाई त्या दिवशी वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

आम्हाला कोणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. काकूचा नवरा दारात बसला होता. कोरडा, किरकोळ माणूस, विहिरी खोदायला जायचा. तो उठला आणि "या" म्हणून आम्हाला समाजमंदिरात घेऊन गेला. आत एका भिंतीला सिमेंटची पोती रचली होती. नवी, कागदाला घडी नाही. काकू गेल्यानंतर आठही घरांनी आणून टाकली होती. पुढची गाडी येणार नव्हती, रपटा होणार नव्हता, तरी आणली, कारण बोली तशी होती.

"मोजून घ्या, साहेब," नवरा म्हणाला.

मला वाटलं सर मान खाली घालतील आणि बाहेर पडतील. पण ते तसे नव्हते. त्यांनी बोट लावून एक एक पोतं मोजलं. चाळीस भरली. मग ते तिथेच पोत्यांना टेकून जमिनीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. शेवटी रशीदभाईंनी आत येऊन हाताला धरून उठवलं. त्या पोत्यांना नंतर कोणी हात लावला नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती दगड झाली.

परतताना जीपमध्ये सरांनी विचारलं, "तुला सांगितलं होतं तिनं? पाहणीच्या दिवशी?"

"हो."

हमरस्ता आला तेव्हा ते म्हणाले, "फॉर्म मी केला होता. तू फक्त भरलास."

हे वाक्य मी बारा वर्षं वापरलं. फार सोयीचं आहे ते.

पुढच्या विधानसभेला ते उभे राहिले. कशाला, हे मला तेव्हाही कळलं नाही. मुदत संपली होती, योजना बंद पडली होती, कोणी तिकीट दिलं नव्हतं. एका चौकसभेत मागून कोणीतरी ओरडलं, "कोरिया सर, त्या नाल्यातल्या बाईचं सांगा!" सर थांबले. म्हणाले, "यादी मी लावली. चूक माझी." मग माइक खाली ठेवला आणि स्टेजवरच्या खुर्चीत बसून राहिले. सभा तिथेच संपली. त्यांनी माझं नाव तिथे घेतलं नाही, नंतरही कधी घेतलं नाही. अनामत रक्कम जप्त झाली. लोक म्हणाले, शिकवायचं सोडून नको त्या फंदात पडले.

शेवटची वर्षं त्यांनी कोरियाचं नाव काढलं नाही. घरी बसून ते एकच काम करायचे: तो फॉर्म सुधारायचे. एका पानाची दोन पानं झाली. 'उसने दिले असल्यास कोणास'. 'परत मिळण्याची हमी: तोंडी/लेखी'. 'गावकऱ्यांचे म्हणणे'. 'त्यावर तपासणी अधिकाऱ्याचे मत'. 'ते मत बनण्याचे कारण'. दर महिन्याला मला बोलावून दाखवायचे. "बघ, आता काय राहिलं?" मी म्हणायचे, "सर, आता सगळं आलं." ते मान हलवायचे, "नाही, काहीतरी राहिलंय." दिवाळीत ते गेले तेव्हा फॉर्म अकरा पानांचा झाला होता आणि तो भरायला एका गावाला एक दिवस पुरला नसता. त्यांच्या बायकोने तो मला दिला. म्हणाल्या, "तुमच्याच कामाचा असेल." त्या फाइलीत तळाशी काकूच्या गावाचा जुना, एका पानाचा होता. माझी खूण, माझी सही.

एवढ्यावर मी काल थांबले. तुरी गोळा केल्या, पाट्या आत घेतल्या.

आज सकाळी साडेसातच्या बसने मी त्या गावाला गेले. नाल्यावर आता सरकारी पूल आहे, चार वर्षांपूर्वी झाला, वर कोणाच्या तरी नावाची पाटी आहे. काकूचा नवरा अंगणात शेकत बसला होता. थकलाय. मी ओळख सांगितली. त्याने बस म्हटलं, मी बसले. जुना फॉर्म काढला आणि त्याला वाचून दाखवला. मग सांगितलं की यावर खूण मी केली, सरांनी नाही, आणि हे मी छापायला देणार आहे.

त्याने एक काटकी शेकोटीत टाकली. "म्या तं त्यायलेच शिव्या देत राह्यलो," तो म्हणाला. "ते मेले आयकलं तईबी देल्ल्या."

मग तो माझ्याकडे वळला.

"तिनं तुमाले सांगतलं होतं ना, उसनं देल्लं म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मंग लिवलं काऊन नाई?"

"फॉर्मात कारणाला जागा नव्हती, काका."

त्याने हात पुढे केला. मी कागद दिला. त्याला वाचता येत नाही, पण त्याने तो नीट पाहिला, मग उलटा केला. मागची बाजू कोरी होती. ती माझ्यासमोर धरून तो म्हणाला, "हे एवढी तं होती, बाई."

मी कागद घेतला, घडी केली आणि दहाच्या बसने कॉलेजात आले. एवढं इथे बसून लिहिलं. आता लेख आहे तसा, नाल्यासकट, प्राचार्यांच्या टेबलावर ठेवते.